जवसाच्या तेलाची बाटली

शेवंता, तुझी तेलाची बाटली माझ्या घरी आली आहे. तुझी सून मंदा ती जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधून घेऊन आली आणि म्हणाली, "आत्यानं सांगून ठेवलं होतं, हे नर्सबाईलेच देजो." बाटली मी पाहताच ओळखली, कारण ती माझीच होती. हिंगणीच्या उपकेंद्रात खोकल्याचं औषध यायचं, त्याची रिकामी बाटली तू एकदा माझ्याकडून मागून नेलीस. कशाला हवी, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर दिली नसती, हे तुलाही ठाऊक होतं. तीत तू घाणीवरचं जवसाचं तेल भरलंस आणि वीसेक वर्षं त्या तेलाचं बोट आजारी माणसांच्या कपाळाला लावून त्यांच्यासाठी प्रार्थना केलीस. अजून दोन बोटं तेल शिल्लक आहे.

तुला मातीत ठेवलं त्याला बारा दिवस झाले. बाटली मी स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवली, मिठाच्या बरणीशेजारी, आणि येता-जाता तिच्याकडे आपलं लक्षच नाही असं दाखवत राहिले. कुणाला दाखवत होते कोण जाणे, घरात मी एकटीच. ही बाटली तू कुणालाही देऊ शकली असतीस. पाळकसाहेब होते, आमच्या चर्चच्या मंडळीतल्या उपवास करणाऱ्या बायका होत्या. मी तर या बाटलीवरून तुझ्याशी जितकी भांडले तितकी माझ्या नवऱ्याशीही कधी भांडले नाही, आणि त्या बिचाऱ्याने हयातभर भांडायला भरपूर जागा करून दिली होती.

पण खरं म्हणजे बाटलीकडे बघवत नव्हतं त्याचं कारण वेगळं आहे. ते आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं बोलणं फुकट. तुझ्या आजारपणात तू मला जवळ बोलावलंस, तेल लावून प्रार्थना करायला सांगितलीस आणि मग विचारलंस, "मागतलं का?" मी म्हणाले, "हो." शेवंता, मी मागितलं नव्हतं. तुला बरं कर असं मी देवाला म्हटलंच नव्हतं. ते 'हो' खोटं होतं.

आपली पहिली गाठ आठवते तुला? हिंगणीच्या पलीकडे, बोरच्या जंगलाला लागून तुमची गोंडांची वस्ती. मी उपकेंद्रात नवी होते, वर्ध्याहून बदलून आलेली, आणि तुमच्याकडे तापाची साथ होती. तुझा विलास सहा-सात वर्षांचा, तापाने फणफणलेला. शेजारची चंदा त्याच्याच वयाची. दोघांच्या बोटांना सुई टोचून मी रक्त घेतलं. दोघांनाही मलेरिया. एकाच पाकिटातल्या गोळ्या दोघांना दिल्या आणि वन विभागाच्या एकाच जीपमध्ये दोघांना घालून मोठ्या दवाखान्यात निघालो. रस्त्यात मंडळीतली एक म्हातारी भेटली, तिला सेलूपर्यंत यायचं होतं. ती जीपमध्ये बसली आणि कुणी न विचारता दोन्ही लेकरांच्या डोक्यावर एकेक हात ठेवून प्रार्थना करू लागली. तू तेव्हा ख्रिस्ती नव्हतीस. तू फक्त तिच्या तोंडाकडे बघत होतीस.

विलास चौथ्या दिवशी उठून भात मागू लागला. चंदा तिसऱ्याच दिवशी गेली.

त्यानंतर तू प्रभूकडे आलीस. मला त्याचा अर्थ लागेना. मी तुला उपकेंद्राच्या पायरीवर बसवून मास्तरणीसारखं समजावलं, की विलास गोळीनं बरा झाला. तू म्हणालीस, "गोळी तं चंदालेही देल्ली होती तुमी." मग मलाही चेव आला. मी म्हणाले, "प्रार्थनाही चंदासाठी केली होती की त्या आजीनं." तू उठलीस, पदर झटकलास आणि म्हणालीस, "विलाससाठी मी त्याचे आभार मानीन, अन् चंदासाठी त्याच्याशी भांडीन. दोन्ही एकाशीच. दुसऱ्या कोनाशी भांडू मी?"

ते भांडण तू कधी सोडलं नाहीस. "मी गेली का, पहिले चंदाचंच इचारीन त्याले," असं तू दरवेळी म्हणायचीस. वरच्या कचेरीत तुझा एक अर्ज अडकून पडल्यासारखं.

माझं तसं नव्हतं. मी तिसऱ्या पिढीची ख्रिस्ती. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर, घरात पेटी, रविवारी पांढरी साडी, उपासनेत कुणी मोठ्यानं खोकलं तरी मागे वळून बघायची पद्धत. आमच्याकडे आजाऱ्यासाठी प्रार्थना व्हायची, पण फार जपून. 'प्रभू, तुझी इच्छा असेल तर.' हे वाक्य आमचं पांघरूण होतं. माणूस बरा झाला तर देवाची इच्छा, नाही झाला तरी देवाची इच्छा, आपण दोन्हीकडून सुरक्षित. तू पहिल्यांदा माझी अशी प्रार्थना ऐकलीस आणि मध्येच डोळे उघडून म्हणालीस, "नर्सबाई, लेकरू मायले भाकर मागते तं 'तुही इच्छा असन तं दे' म्हनते का वो?" मला राग आला होता. आमच्या आजोबांनीही त्याच शब्दांत प्रार्थना केली होती, हे मी तुला सुनावलं. तू म्हणालीस, "मंग त्यायलेही भूक नसन लागली." तीन दिवस मी तुझ्याशी बोलले नाही.

आणि मग दुर्गाचं प्रकरण झालं. ते मी आज लिहून ठेवते, कारण तुझ्याबद्दल नुसतं गोड बोलणारे पुष्कळ आहेत आणि तुला ते आवडलं नसतं.

दुर्गा हिंगणीतल्या किराणा दुकानदाराची बायको. तिला क्षय झाला होता. दुकानाच्या घरात क्षय म्हणजे गिऱ्हाईक तुटायची भीती, म्हणून ती उपकेंद्रात मागच्या दाराने यायची आणि गोळ्या पदराखाली लपवून न्यायची. त्याच सुमारास ती तुझ्याकडेही येऊ लागली, तुझ्या छपरीत दर गुरुवारी प्रार्थना व्हायची तिथे. दोनेक महिन्यांत खोकला गेला, ताप गेला, चेहऱ्यावर रया आली. क्षयाच्या गोळ्यांचं हेच तर अवघड असतं, माणसाला अर्ध्या वाटेतच पोचल्यासारखं वाटतं. तू एका रविवारी तिला मंडळीसमोर उभं केलंस. साक्ष देताना दुर्गा रडली, "प्रभूनं मले बरी केली" म्हणाली, आणि सगळी मंडळी हालेलुया म्हणाली. त्या दिवसापासून तिने गोळ्या तांदळाच्या डब्यात पुरून ठेवल्या.

मला कळलं तेव्हा बरेच दिवस उलटले होते. मी घरी गेले, पाकिटं मागितली, तर सगळी भरलेली. तिला विचारलं, तर किती शांतपणे सांगितलं तिने: "साक्ष देल्ली न बाई मी. साऱ्यायसमोर म्हटलं बरी झाली म्हनून. आता गोळी खाल्ली तं साक्ष खोटी ठरन. प्रभूचं नाव खराब होईन." मी नोकरीत पुष्कळ कारणं ऐकली होती गोळी सोडण्याची. दारू, शेतीची घाई, पित्त, नवऱ्याचा मार. पण खोटं पडू नये म्हणून जिवावर उदार झालेली बाई मी पहिल्यांदाच पाहिली. आणि ती तर ख्रिस्तीही नव्हती.

तिथून मी तडक तुझ्याकडे आले. तेंदूपत्त्याचे दिवस होते, तू अंगणात पानांचे पुडे बांधत बसली होतीस. काय काय बोलले मी! अडाणी म्हणाले, अंगारा देणारा भगत आणि तू यात फरक काय असंही म्हणाले. ते शब्द मला आजही टोचतात. तू एवढंच म्हणालीस, "मी तिले गोळी सोड म्हटलं नाई." मी म्हणाले, "पण उभी तू केलीस तिला. आता बसव."

तू हातातलं पान खाली ठेवलंस. माझ्याकडे पाहिलंस, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला 'तुमी' सोडून 'तू' म्हणालीस: "चाल. तू बी चाल माह्यासंग." भर दुपारी, डोक्यावर नुसता पदर घेऊन तू हिंगणीपर्यंत चालत आलीस. मी मागे सायकल ढकलत. दुकानात नवरा होता, गिऱ्हाईक होतं, तू कशाकडेही न बघता आत गेलीस आणि दुर्गाचे दोन्ही हात धरलेस. "दुर्गा, खोटी ठरन तं माही ठरन. तू गोळी खाय. प्रभूचं नाव इतकं कच्चं नाई का तुह्या एका गोळीनं खराब होईन." तिने तुझ्यासमोर पहिली गोळी घेतली. पाणी मी दिलं.

तुझी गोष्ट एवढ्यावर संपली असती तरी मी तुला मानलं असतं. पण पुढच्या रविवारी तू मंडळीत उभी राहिलीस. पाळकसाहेब नवे होते, त्यांना वाटलं आणखी कुणी प्रार्थनेनं बरं झालं, आणखी एक चंगाई झाली, ते टाळीसाठी हात उचलून बसले. तू म्हणालीस, "दुर्गाची साक्ष म्या लवकर घेतली. चूक माही हाये. मले घाई झालती." आणि खाली बसलीस. ज्या बाईकडे लोक सेलूहून, अगदी आष्टीहूनही प्रार्थनेला येत, तिने भरल्या मंडळीत घाई झाली म्हणून कबूल करायचं, याला काय लागतं ते मला माहीत आहे, कारण मला ते कधी जमलं नाही. माझ्या हातून नोकरीत झालेल्या चुका मी रजिस्टरातही नीट लिहिल्या नाहीत.

त्या दिवसापासून रोज सकाळी तू दुर्गाकडे जायचीस. तिच्या तळहातावर गोळी, त्यावर तुझा हात, दोन वाक्यांची प्रार्थना, मग पाण्याचा घोट. गोळ्या पुन्हा पहिल्यापासून सुरू कराव्या लागल्या होत्या. तू एक दिवस चुकवला नाहीस. थुंकीचा रिपोर्ट साफ आला, उपचाराचं कार्ड शेवटच्या रकान्यापर्यंत भरलं, तेव्हा दुर्गाने पुन्हा साक्ष दिली, ते कार्ड हातात उंच धरून. त्या वेळी टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते. आमच्या आजोबांच्या मंडळीत असं कुणी केलं असतं तर मागे वळून बघितलं असतं आम्ही.

मग तू नियमच करून टाकलास: कार्ड नाही, रिपोर्ट नाही, तर साक्ष नाही. कुणी कुरकुर केली की म्हणायचीस, "प्रभूनं कोढवाल्याले बरं केलं, तरी त्याले सांगतलं, पहिले याजकाले दाखवून ये. मी तुमाले नर्सबाईले दाखवा म्हनते. काय वाईट म्हनते?" बरं झाल्याची खात्री करणाऱ्या याजकाच्या जागी मला बसवलंस! तुझ्या गुरुवारच्या छपरीत एका खांबाशी मी रक्तदाब मोजायचं यंत्र घेऊन बसू लागले आणि दुसऱ्या खांबाशी तू बाटली घेऊन. "पहिले तिकडं, मंग इकडं," असं तू प्रत्येकाला हाताने दाखवायचीस. माझ्या वरिष्ठांना कळलं असतं तर माझी काही धडगत नव्हती. पण त्या वर्षांत आमच्या उपकेंद्रातून एकाही रोग्याने अर्ध्यात औषध सोडलं नाही, हे त्यांनाही कळलं असतं.

आणि श्रावणदादा! दुसरा नियम त्यांच्यामुळे झाला. दादांचे गुडघे झिजलेले. एका गुरुवारी ते चिडले, की बऱ्या झालेल्यांनाच का उभं करता, आम्ही काय पाप केलं? तू म्हणालीस, "रविवारी उभे राहा न दादा. जे हाय ते सांगा." रविवारी दादा काठी टेकत उठले. "प्रभूची स्तुती असो. माहा गुडघा अजून दुखून राह्यला." सगळी मंडळी हसली, मग कुणीतरी हालेलुया म्हणालं, आणि ते हालेलुया अगदी मनापासूनचं होतं. तेव्हापासून दर महिन्याला दादा उठतात आणि तेच सांगतात. न बरं झालेल्या माणसालाही मंडळीत उभं राहायला जागा आहे, हे मी कोणत्याही प्रवचनात ऐकलं नव्हतं. ते तुझ्या मंडळीत पाहिलं.

बाहेरगावाहून प्रचाराला आलेल्या सुवार्तिकांना मात्र हे पटलं नाही. त्यांची मैदानात तीन दिवसांची चंगाई सभा होती आणि त्यांना दुर्गासारखी साक्ष देणारी माणसं मंचावर हवी होती, पहिल्याच संध्याकाळी बरी झालेली. तू म्हणालीस, "आज प्रार्थना करा. साक्ष रिपोर्ट आल्यावर घेजा." ते म्हणाले, "बहीण, तुमचा विश्वास कमी पडतो आहे." तू म्हणालीस, "माहा विश्वास कमी नाई जी. तुमाले गाडी पकडाची घाई हाये." मी तोंडाला पदर लावला. त्या सभेला गर्दी झाली, लोक आले तसे गेले. तुझ्या छपरीत आलेले मात्र राहिले. सुवार्ता म्हणजे काय याचा मला तुझ्याकडे बघून जो अर्थ लागला तो असा, की आज ज्याच्या कपाळाला बोट लावलं त्याच्या दारात उद्या सकाळीही जायचं. लोक अशा जाण्याने प्रभूकडे आले. मंचाने आलेले मी फार पाहिले नाहीत.

दुर्गा मात्र आली नाही. ती बरी झाली, साक्ष दिली, आणि आजही तिच्या दुकानात गल्ल्याच्या वर लक्ष्मीचा फोटो आहे. पाळकसाहेब हळहळले, बाप्तिस्म्याविना ही साक्ष अपुरी म्हणाले. तू त्यांना विचारलंस, "दहा कोढी बरे झाले, एकच आभार मानाले परत आला. बाकी नवांचं बरं होनं प्रभूनं वापस घेतलं का?" पाळकसाहेब भले माणूस, त्यांनी ते पुढच्या रविवारी प्रवचनात सांगितलं. आणि गावातली काही पोरं तुझ्या अंगणात येऊन धर्म बदलवता का म्हणून दम देऊ लागली, तेव्हा दारात आडवी उभी राहिली ती दुर्गाच. "मी येते न इथं. माहा काय बदलला? पाहा," असं तिने पोरांना ठणकावलं. पोरं तिच्याच दुकानातून चहापत्ती नेणारी. ती मुकाट परतली.

आता तुझ्या आजारपणाकडे यायला हवं. पोटात गाठ निघाली, तीही उशिरा. तू वर्ध्याला दवाखान्यात गेलीस, सुया घेतल्यास, केस गेले ते लपवले नाहीस. पाळकांनी हात ठेवले, बाहेरून माणसं आली, सगळ्यांनी ठेवले. मोहफुलांचे दिवस होते. अंगणात मंदाने फुलं वाळत घातली होती आणि त्या वासाने तुला मळमळायचं, तरी ती उचलू दिली नाहीस. त्या दुपारी तू मला खाटेजवळ बसवलंस. "साऱ्यायनं तेल लावलं मले. तूच नाई लावलं, नर्सबाई."

मी बाटली उघडली. तुझ्या कपाळाला बोट लावलं, कपाळ किती लहान झालं होतं. डोळे मिटले. आणि डोळ्यांसमोर तुझा रिपोर्ट आला, तो मी वाचला होता, त्यातला प्रत्येक शब्द मला कळत होता. बरं कर असं म्हणायला माझी जीभ उचलेना. हे मागायचं आणि मिळायचं नाही, मग मी कुठे तोंड दाखवू? मी मनातल्या मनात एवढंच म्हणाले, हिला दुखू देऊ नको. पांघरूण ओढून घेतलं, आजोबांचंच. तू विचारलंस, "मागतलं का?" मी हो म्हणाले. तू डोळे मिटलेस आणि म्हणालीस, "मंग झालं."

अकरा दिवसांनी तू गेलीस. माझ्या न मागण्याने गेलीस असं मी मानत नाही. इतकी वर्षं नर्स होते, तेवढी अक्कल आहे मला. पण जी बाई एक खोटी साक्ष टिकू देत नव्हती, तिच्या कपाळावर हात ठेवून मी खोटं बोलले.

काल रविवारी मंडळीत तुझ्या आठवणीची सभा झाली. सकाळपासून लोक कुजबुजत होते, तेच, जे तू गेलीस त्या दिवशी तुझ्या दारातही ऐकू आलं होतं: "इतक्यायले बरं केलं, मंग स्वतः काऊन गेली?" पाळकसाहेबांनी मला बोलायला सांगितलं होतं. मी तुझ्या गुणांचा कागद लिहून नेला होता. उभी राहिले आणि कागद पर्समध्येच ठेवला. म्हणाले, "शेवंताच्या नियमाने साक्ष देते. रिपोर्ट खरा तोच सांगणार. ती बरी झाली नाही. ती प्रार्थनाही करत होती आणि सुयाही घेत होती, आणि दोन्ही करून गेली. विश्वास कमी पडला असं कुणी म्हणू नये. कमी कुठे पडला तर माझा पडला. तिने मला मागायला सांगितलं आणि मी मागितलं नाही. वर मागितलं म्हणून सांगितलं." पेटीजवळच्या बाकावरून कुणीतरी मागे वळून बघितलं.

तेवढ्यात मंदा उठली. रडत होती आणि हसतही होती. "आत्याले माहीत होतं, नर्सबाई. तुमी गेल्यावर तिनं मले सांगतलं. म्हने, नर्सबाईनं नाई मागतलं, तिच्या तोंडावर दिसते. म्या म्हटलं, मंग बाटली तिले काऊन देता? तं म्हने, जिले मागाचं भेव वाटते तिलेच दे. ती मागन तं फुकटचं नाई मागनार."

शेवंता, काय बाई होतीस तू. 'मंग झालं' म्हणालीस आणि मला अकरा दिवस तसंच येऊ-जाऊ दिलंस, माझ्या हातचा पेजेचा पेला घेत राहिलीस. एका शब्दाने बोलली असतीस तर मी तिथेच मागितलं असतं. मला वाटतं, म्हणूनच बोलली नाहीस. मी तुझ्या धाकाने मागायला नको होतं तुला.

सभा संपल्यावर चहा चालू होता. श्रावणदादा काठी टेकत माझ्यापुढे येऊन बसले आणि धोतर गुडघ्यापर्यंत वर केलं. "नर्सबाई, बाटली तुमच्याजोळ हाये म्हन्ते. लावा तं मंग." दादांच्या गुडघ्याचा फोटो मी पाहिलेला आहे. हाडावर हाड आलं आहे. त्याला शस्त्रक्रियाच हवी, आणि दादा तिला तयार नाहीत. हे सगळं मला कालही माहीत होतं. दुर्गा दाराशी उभी होती, मंदा होती, पाळकसाहेब हातात कप घेऊन थांबले होते. मी बाटली पिशवीत घालूनच आणली होती, कशासाठी ते मलाही सांगता आलं नसतं. बोट तेलात बुडवलं. तुझा वास आला.

मी मोठ्यानं म्हणाले, "प्रभू, या गुडघ्याला बरं कर." बस. 'तुझी इच्छा असेल तर' जिभेवर आलं होतं, ते गिळलं. माझाच आवाज मला अनोळखी वाटला, भाकर मागणाऱ्या लेकरासारखा.

दादा उठले. काठी हातात, पण न टेकता एक पाऊल टाकलं, मग दुसरं. दादांनी मान हलवली. "अजून दुखून राह्यला." आणि आख्खी मंडळी हसली, तू असताना हसायची तशीच, दुर्गा तर दाराला धरून हसली. मला वाटलं होतं, मागून मिळालं नाही तर मला तोंड दाखवायला जागा उरणार नाही. मी तिथेच उभी होते आणि कुणी मला काही म्हटलं नाही. दादांनी माझा चहा मला आणून दिला.

मी त्यांना म्हणाले, "गुरुवारी छपरीत या, दादा. आधी रक्तदाब बघीन, डॉक्टरांची चिठ्ठीही देईन, ती घेऊन जायचंच. आणि मी परत मागीन."

तर शेवंता, इथलं मागणं आता माझ्याकडे. तू तिथे चंदाचं विचार, सोडू नकोस.